संध्याकाळचं दूध: जिल्हा नियोजन समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, कोल्हापूर.

विषय : रस्त्यांचा निधी वाटताना डोंगरातल्या वाड्यांचा हिशेब धरण्याबाबत.

महोदय,

भुदरगड तालुक्याच्या पश्चिमेला, वेदगंगेच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहान गावात मी एकतीस वर्षं दूध संस्थेचा सचिव होतो. सचिव हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात पहाटे साडेपाचला कुलूप काढायचं, नमुन्याच्या बाटल्या मांडायच्या, लिटर मोजायचे, फॅट (दुधातली स्निग्धता, तिच्यावर दर ठरतो) लावायची, दहा दिवसांनी बिल वाटायचं आणि "माझीच फॅट कमी कशी लागली?" या प्रश्नाला रोज चाळीस वेळा उत्तर द्यायचं, एवढंच ते काम. मंत्रालयातल्या सचिवांना यातला शेवटचा भाग ओळखीचा वाटेल.

हल्ली पेपर उघडला की रस्त्याचीच बातमी असते. कुठं सहापदरी, कुठं द्रुतगती, कुठं घाटाचं काँक्रीट. भूमिपूजनाच्या प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास येतं : पायाभूत सुविधा आल्या की मागास भागाचं दारिद्र्य हटेल. हे वाक्य खोटं नाही. ते खरं होताना मी स्वतः पाहिलंय, रजिस्टरात उतरवलंय. पण आमच्याकडं ते एका वळणापर्यंतच खरं झालं. त्या वळणाच्या वर चौदा घरं आहेत, म्हणून हे पत्र.

आधी जे खरं झालं ते सांगतो. आमच्या गावाला डांबरी रस्ता २००६ साली आला, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून. त्याआधी फाट्यापासून गावापर्यंत चार किलोमीटरची कच्ची वाट होती. पावसाळ्यात बैल फसायचा इतका चिखल. दुधाचा टेम्पो सकाळी फाट्यावर यायचा, दहा मिनिटं थांबायचा आणि निघायचा. आमचे कॅन तिथवर बैलगाडीतून जायचे, आषाढ-श्रावणात डोक्यावरून. संध्याकाळचं संकलन नव्हतंच. रात्री फाट्यावर कॅन कोण नेणार, आणि टेम्पोवाला तरी कशाला थांबणार? म्हैस मात्र दोन वेळा दूध देते, तिला फाट्याशी काय देणंघेणं. संध्याकाळचं दूध घरात राहायचं. थोडं पोरांना, थोडं विरजणाला, उरलेलं रवीखाली. तूप झालं की गारगोटीच्या बाजारात, गिऱ्हाईक देईल त्या भावाला.

रस्ता झाला आणि तिसऱ्या महिन्यात टेम्पो गावात आला. दोन्ही वेळा. २००५ साली आमच्याकडं अडतीस घरं दूध घालत होती. २००९ च्या दिवाळीला फरक (वर्षाअखेरचे दुधाचे जादा पैसे) वाटताना मी एकशे बारा पाकिटं भरली. गावातली घरं तेवढीच होती, बाहेरून कुणी राहायला आलं नव्हतं. ज्या घरात म्हैस ठेवणं परवडत नव्हतं, त्या घरात ती आली. नव्या नावांत बहुतेक जण वीस-तीस गुंठ्यांचे, काही तर भूमिहीन. ऊस लावायचा तर पाणी लागतं, पाण्याला मोटर, मोटरीला पाळी आणि पाळीला ओळख. म्हशीला बांधावरचं गवत आणि घरातली बाई पुरते. (बाई पुरते असं मी सहज लिहून गेलो. तिच्या कमरेला कुणी विचारलं नव्हतं.)

गरिबी कमी झाली म्हणजे नेमकं काय झालं, ते मला संस्थेच्या दप्तरापेक्षा शेजारच्या किराणा दुकानात जास्त चांगलं दिसलं. पूर्वी आमच्याकडं उधारी सुगीवर चालायची. तेल-मीठ-चहापत्ती वर्षभर वहीत लिहायची आणि भात घरात आलं की भागवायची. वर्षभर थांबणारा दुकानदार भाव कसा लावतो ते तुम्हाला सांगायला नको. दुधाचं बिल महिन्यातून तीनदा हातात पडायला लागलं आणि उधारीची वही सुगीवरून दहा दिवसांवर आली. दुकानदार कुरकुरला, पण वही आलीच. माझ्या गावापुरती दारिद्र्यनिर्मूलनाची याहून चांगली खूण मला सापडलेली नाही.

आता ते वळण. गावाच्या वर तीन किलोमीटर चढून गेलं की धनगरवाडा लागतो. कागदोपत्री तो आमच्याच ग्रामपंचायतीत आहे. तिथली एक आजी रोज सकाळी चार लिटर दूध घेऊन खाली येते. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, पटकुरात गुंडाळून पाठीशी बांधलेला. वाटेत उतार, सुटे दगड, आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्याचा ओढा.

पहिली दोन वर्षं तिची फॅट सहाच्या आसपास लागायची. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एस.एन.एफ. (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरून ठरतो आणि तिथून पॉइंटाला वर चढत जातो. डोंगरचा चारा खाणाऱ्या म्हशीला सात-साडेसात लागायला पाहिजे, हे आजीलाही ठाऊक आणि मलाही. ती रोज सगळ्यांदेखत सुनवायची, "तुझं मशीन गावातल्यांचं सोयरं हाय." मला राग यायचा. मशीन मी रोज तपासत होतो.

एके दिवशी तिचा कॅन ओतून झाल्यावर मी सहज आत बोट फिरवलं. झाकणाच्या खोबणीत आणि गळ्याशी लोण्याचे कण होते. मग डोक्यात प्रकाश पडला. पाच लिटरच्या कॅनमध्ये चार लिटर दूध, म्हणजे वर जागा मोकळी. तासभर उतारावर चालताना ते हिंदकळत होतं, आपोआप घुसळलं जात होतं, आणि निघालेलं लोणी कॅनच्या अंगाला चिकटून राहत होतं. माझ्या नमुन्यात यायचं ते लोणी गेलेलं दूध. मशीन खरं बोलत होतं आणि आजीही खरंच बोलत होती. दोघांच्या मध्ये तीन किलोमीटरची वाट होती.

कॅन काठोकाठ भरला तर दूध हिंदकळत नाही. पण पाचवा लिटर आणायचा कुठून? पाणी घालावं तर लॅक्टोमीटर पकडतो. मी तिला बरोबर चार लिटरचा, तोंडापर्यंत भरणारा झाकणाचा स्टीलचा डबा आणून दिला आणि आठवड्यात फॅट सातच्या वर गेली. एकतीस वर्षांत पायाभूत सुविधेचं एवढं एकच काम माझ्या हातून झालं. उद्घाटनाला कुणी नव्हतं.

पण संध्याकाळचं दूध अजूनही खाली येत नाही. अंधार पडल्यावर ती वाट उतरून पुन्हा चढायची म्हणजे गव्याशी गाठ. त्यामुळं वरच्या चौदा घरांत दोन वेळच्या दुधापैकी एकाच वेळचं पैसे होतं. दुसऱ्या वेळचं विरजण, ताक आणि भाव पाडून मागितलेलं तूप होतं. म्हणजे आमचं गाव २००५ साली जिथं होतं, तिथं ती घरं आजही आहेत. सरकारनं १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलं, फार चांगलं केलं. वरच्या वाड्यातल्या बाईला ते अर्धं तिकीट काढायला आधी तीन किलोमीटर उतरावं लागतं. आणि असा वाडा आमचा एकट्याचा नाही. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड, सह्याद्रीच्या कडेनं जात राहा, वळणावळणावर भेटतील.

रस्ता का झाला नाही, याचा पाठपुरावा मी केलाय. मला कुणी उद्धटपणे बोललं नाही, पैसेही कुणी मागितले नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. कार्यालयातल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि नियम दाखवला. ग्रामसडक योजनेला वस्तीची लोकसंख्या सपाटीला ५०० आणि डोंगरी-आदिवासी म्हणून ठरवलेल्या भागांना २५० लागते. चौदा घरं यातल्या कुठल्याच चाळणीत अडकत नाहीत, सरळ खाली पडतात. मग जिल्ह्याच्या निधीतून? तिथं ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षं, म्हणजे रस्त्यांच्या खर्चाचे सरकारी रकाने. त्यात बसायचं तर रस्त्याला ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक पाहिजे. क्रमांक पाहिजे तर रस्ता नकाशावर पाहिजे. आणि जो नाहीच तो नकाशावर येणार कसा? साहेब म्हणाले, "पाणंद म्हणून बघा." पाणंद शेताला जाते. ही वाट रानातून जाते, आणि रान वनखात्याचं आहे.

वनखात्याचं नाव निघालं की सगळे हात वर करतात, मीही करायचो. पण वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) एका वकिलानं मला वाचून दाखवलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी ग्रामसभेनं शिफारस केली तर एका प्रस्तावाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. अट एवढीच की हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत. आता हिशेब करा. वाट तीन किलोमीटर. जीप जाईल एवढी तीन मीटर रुंदी धरली तर क्षेत्र होतं ९,००० चौरस मीटर, म्हणजे ०.९ हेक्टर. बसतं! गटार, वळणं आणि भराव धरले तर कुठं कुठं हात आखडावा लागेल, पण बसवायचं ठरवलं तर बसतं. त्यातून या वाटेवर अर्ध्याहून जास्त ठिकाणी झाडच नाही, जांभा आहे. अभयारण्याच्या हद्दीत असलेल्या वाड्यांची गोष्ट निराळी, ती गुंतागुंत मला मान्य आहे. बाकीच्या वाड्यांचं काय? असे प्रस्ताव जिल्ह्यातून एकगठ्ठा तयार करायला ग्रामसभांना कुणी सांगितलंय का? उपवनसंरक्षक साहेबांशी तुमचं बोलणं होतं, आमचं होत नाही. समितीनं हे एक काम केलं तर त्याला फारसा निधीही लागणार नाही.

दुसरी अडचण सरासरीची. आपला जिल्हा दरडोई उत्पन्नात राज्यात वरच्या रांगेत आहे. गूळ, साखर, चांदी, फाउंड्री, सूत, दूध, सगळं आहे. त्यामुळं मुंबईत कोल्हापूर म्हटलं की दारिद्र्याचा विषय निघतच नाही. पण जिल्हा म्हणजे बारा तालुके. शिरोळच्या ऊसवाल्याचं उत्पन्न आणि गगनबावड्याच्या नाचणीवाल्याचं उत्पन्न एकत्र करून दोनानं भागलं की जो आकडा येतो, तेवढं उत्पन्न असलेला माणूस दोन्हीकडं सापडत नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात बारा निकष आहेत. वीज, शौचालय, बँक खातं, स्वयंपाकाचं इंधन, घर वगैरे. वरच्या वाड्यात वीज आहे, खाती आहेत, सिलिंडर पण आहे. तो खांद्यावरून वर न्यायला वेगळे पैसे पडतात, एवढंच. बाराच्या बारा निकषांत रस्ता नाही. म्हणजे आजी मोजणीत गरीब ठरेलच असं नाही. दरमहा निम्मं दूध वाया घालवून ती कागदावर दारिद्र्याच्या बाहेर राहू शकते.

माझा पुतण्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. रस्ता आला की गरिबी हटते हे मी त्याला माझं रजिस्टर आपटून सांगत होतो, तेव्हा त्यानं मला खाली बसवलं. सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याच ग्रामसडक योजनेतल्या देशभरच्या गावांचा अभ्यास केलाय. २०२० साली तो छापून आला. त्यांना आढळलं ते असं : रस्ता आल्यावर शेतीतली माणसं बाहेरच्या कामाला जायला लागली, हा मोठा बदल. पण शेतीचं उत्पन्न, घरातल्या वस्तू, एकूण मिळकत यांत चार वर्षांनीसुद्धा म्हणावी तशी वाढ दिसली नाही. मला ते पटेना. दोन दिवस मी त्याच्याशी बोललोसुद्धा नाही.

मग शेजारचं गाव आठवलं. त्यांचा रस्ता आमच्याच साली, आमच्याच ठेकेदारानं केलेला. पण तिथली दूध संस्था दोन गटांच्या भांडणात आधीच बंद पडली होती. टेम्पोनं कुणासाठी यायचं? रस्ता झाला, पोरांनी हप्त्यावर मोटारसायकली घेतल्या आणि ती मुधाळ तिट्ट्यावरून कागल आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जायला लागली. काहींचं बरं चाललंय, खोटं कशाला बोलू. बरेच जण ठेकेदाराकडं बारा तास राबतात आणि पेट्रोल वजा जाता जे उरतं ते हप्त्यात जातं. वरकस जमिनी पडून राहिल्या. रस्त्याकडेच्या दोन चांगल्या जमिनी बाहेरच्या माणसांनी घेतल्या, तारेचं कुंपण घातलं. एका जमिनीचा जुना मालक आता तिथंच रखवालदार आहे. रस्ता तोच, रुंदी तीच, डांबर तेच. आमच्याकडं रस्त्यावरून रोज दोनदा काहीतरी बाहेर जात होतं आणि दहा दिवसांनी पैसा आत येत होता. त्यांच्याकडं माणसं बाहेर गेली. पुतण्याला फोन करून मी म्हटलं, तुझे ते दोघं बरोबर असतील, पण त्यांना आमचा टेम्पो दिसला नाही.

म्हणून माझी तक्रार नुसती रस्ता नाही अशी नाही. आपल्या जिल्ह्यात रस्ता एकटा मंजूर होतो, ही तक्रार आहे. त्यावरून काय जाणार, कोण चढणार आणि कुठं उतरणार, हा रकाना प्रस्तावाच्या नमुन्यात नसतोच.

हे कोल्हापूरला शिकवायची पाळी यावी याचं वाईट वाटतं. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. १८९५ ला शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली आणि गुळाची पेठ उभी राहिली. रेल्वे आणि पेठ यांत चार वर्षांचं अंतर. गूळ कुठं विकायचा, हे रूळ टाकल्यावर फार काळ शोधत बसले नाहीत. राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, पैशाअभावी ते अडलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. पण धरणाची वाट बघत बोर्डिंग थांबलं नाही. १९०१ ला मराठा बोर्डिंग, त्यामागून एकेका समाजाची वसतिगृहं, १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. डोंगरातल्या पोराला शहरात यायला वाट आणि आल्यावर टेकायला खोली, या दोन गोष्टी त्या माणसाच्या डोक्यात एकत्र होत्या. आमच्या गारगोटीला डॉ. जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभं केलं, तेव्हा गारगोटीला यायचा रस्ता कसा होता ते म्हाताऱ्यांना विचारा.

आता मोठ्या रस्त्याविषयी. शक्तिपीठ महामार्ग पवनार ते पत्रादेवी, मूळ आखणीत ८०० किलोमीटरच्या वर, बारा जिल्ह्यांतून. खर्चाचा तेव्हा सांगितलेला आकडा ८६,००० कोटींच्या घरात. किलोमीटरला शंभर कोटींच्या वर झाले. त्या आखणीत आमचा भुदरगडही होता. तिच्यावरून शिरोळपासून आजऱ्यापर्यंत शेतकऱ्यांचा किती विरोध झाला ते तुम्ही पाहिलंय, मी त्यात पडत नाही. माझं मत विचाराल तर आमच्या तालुक्याला तो नको, आणि कारण दुधाचंच आहे. असल्या रस्त्यावर चढायचं तर इंटरचेंज पाहिजे आणि चारचाकी पाहिजे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी सगळ्यांना मनाई आहे. म्हणजे आमच्या गावात जेवढी वाहनं आहेत, त्यातली नव्वद टक्के तिथं गुन्हेगार. रस्ता शेतातून जाणार आणि शेताच्या मालकानं तो कुंपणापलीकडून बघायचा.

मोबदल्याचं म्हणाल, तर रत्नागिरी–नागपूर महामार्गासाठी चोकाक-अंकलीच्या शेतकऱ्यांना चौपट दरासाठी किती झगडावं लागलं हे जिल्ह्याला ठाऊक आहे. ते निदान सातबाऱ्यावरचे लोक. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, जो त्या रानात भांगलणीला जातो, ज्याची म्हैस त्या बांधावर चरते, त्याच्या नावानं धनादेश निघत नाही. बांध गेला की म्हैस जाते, म्हैस गेली की किराणावाल्याची वही परत सुगीवर. सुगी तरी कुणाची?

एक हिशेब मांडून बघा. डोंगरातला ग्रामीण रस्ता किलोमीटरला दीड कोटी धरू, जरा सढळ हातानंच. द्रुतगती मार्गाच्या एका किलोमीटरच्या पैशात असे पासष्टच्या वर किलोमीटर होतात. तीन किलोमीटरची वाट धरली तर एकवीस-बावीस वाडे. हे दोन निधी वेगवेगळ्या खिशांतले आहेत, असं उत्तर मला मिळेल. खिसे वेगळे असतील, पँट एकच आहे.

आणि बंधारे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपली देणगी, सगळा महाराष्ट्र के. टी. बंधारा म्हणून ओळखतो. पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे, पाणी तुंबवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. त्याच्यावर आपल्या जिल्ह्याचा ऊस उभा आहे. पण गरिबाच्या गावाला वेगळा पूल कुणी बांधला नाही. बंधाऱ्याच्या माथ्यावरून वाहनं जायला लागली आणि तोच रस्ता झाला. मग जुलै आला की पेपरात रोज चौकट : आज इतके बंधारे पाण्याखाली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा आणि ४३ झाले की धोका, हे कोल्हापूरकराला तोंडपाठ. आमच्यासाठी धोका त्याच्या कितीतरी आधी येतो. वेदगंगेचं पाणी बंधाऱ्यावरून फूटभर वाहायला लागलं की टेम्पो पलीकडंच उभा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शहरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, महामार्ग बंद पडला, हेलिकॉप्टरं आली, सगळ्या देशानं पाहिलं. आमच्या गावात घरांत पाणी शिरलं नाही. आमच्याकडं दूध तुंबलं. पहिले दोन दिवस बायकांनी खवा केला. तिसऱ्या दिवशी जळण ओलं झालं. मग शेजारीपाजारी वाटलं, मग वासरांना पाजलं, मग परड्यात ओतलं. माझ्या रजिस्टरात नऊ दिवसांची पानं कोरी आहेत. पूरग्रस्तांच्या यादीत आमच्या गावाचं नाव नव्हतं, कारण पाणी उंबऱ्याला लागलं नव्हतं. रेल्वे वैभववाडीला जायची तेव्हा जाईल, ती अजून कागदावरच धावतेय. कोकणात उतरणारा सोनवड्याचा घाट व्हायचा तेव्हा होईल. तोवर ज्या गावांना बंधारा हाच एकमेव रस्ता आहे, त्या गावांसाठी शेजारी साधा, उंच पूल हा विषय समितीच्या एका बैठकीत तरी घ्या. किती गावं, किती दिवस तुटतात, ही यादी प्रत्येक दूध संस्थेच्या रजिस्टरात आधीच लिहिलेली आहे. नवीन सर्वेक्षण नको, सल्लागार कंपनी नको. कोऱ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या तरी भागेल.

तसंच वाड्यांचं. लोकसंख्येच्या चाळणीत वाडे बसत नसतील तर दुसरी चाळण लावा. त्या वाडीतून सकाळी किती लिटर येतं आणि संध्याकाळी किती येऊ शकतं, हे बघा. काजू किती पोती, मध किती किलो, शाळेला किती पोरं, दवाखान्याला किती फेऱ्या. लेखाशीर्षात बसवायचं कसं, हे तुमच्याकडल्या कारकुनांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मनात आणलं तर ते काहीही बसवतात, हे आम्ही निवडणुकीच्या वर्षी बघतोच.

वरच्या वाड्याचा पहिला प्रस्ताव ग्रामसभेत मांडायची जबाबदारी मी घेतलीय. ०.९ हेक्टरचा नकाशा एका निवृत्त भूमापक मित्राकडून करून घेतलाय, वाटेवरची झाडं आम्ही दोघांनी मोजली आहेत. हेक्टरी पंचाहत्तरच्या अटीला त्रेसष्ट भरली. दोन उंबर आणि एक जुना आंबा सोडून वाट वळवता येते, तेवढं केलं तर साठ.

आपण गावात यावं, अशी विनंती आहे. सत्कार ठेवणार नाही, मांडव घालणार नाही. फक्त सकाळी येऊ नका. सकाळी सगळं छान दिसतं : रांग, कॅन, टेम्पो, आजीचा स्टीलचा डबा. संध्याकाळी सहा ते साडेसात संकलन असतं, तेव्हा या. नवा सचिव तरुण आहे, कॉम्प्युटरवर सगळं ठेवतो. त्याला वरच्या वाड्याची चौदा नावं काढायला सांगतो, संध्याकाळचा रकाना तुम्हीच वाचा. वाचून झालं की तीन किलोमीटर वर जाऊ. आजी ताक देईल, त्याच दुधाचं.

आपला,
दूध संस्थेचा एक निवृत्त सचिव,
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर